आधी धडा

मुजावर सरांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. वर्गात कुणालाच ते नावाने हाक मारत नसत, सगळे गावावरून ओळखले जायचे. ‘मसूर, खिडकी लाव.’ ‘मलकापूर, झोप झाली का?’ एका गावची दोन मुलं निघाली तर एक थोरलं आणि एक धाकटं. इस्लामपूरची तिघं होती, त्यातल्या मधल्याची चार वर्षं पंचाईत झाली. मी उंब्रज. कॉलेज सुटलं, नोकरी लागली, लग्न झालं, तरी फोनवर ‘बोल उंब्रज’ एवढंच. आता मला त्या नावाने हाक मारणारं कुणी नाही. उंब्रजमध्ये तर त्याचा प्रश्नच येत नाही.

कऱ्हाडजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकवत. राहायला मिरजेत. रोज सकाळी पॅसेंजरने यायचे आणि संध्याकाळी पॅसेंजरने जायचे. उंच, खांदे जरा पडलेले, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. त्यातलं एक अजिबात चालत नसे. मग ते बाळगता कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “कुनी पेन मागितलं की हे द्यायचं. दोन मिन्टात परत येतं. चालणारं दिलं तर कवाच येत न्हाई.”

पहिल्याच तासाला ते पिशवीतून तराजू घेऊन आले. जुना, पितळी पारड्यांचा, हातात धरायचा. सोबत एक पातेली आणि गुळाचा खडा. आम्ही चाळीसजण लॅपटॉप उघडून बसलेले, आणि हा माणूस टेबलावर गूळ मांडतोय. मागच्या बाकावर हसणं सुरू झालं. सर थांबले नाहीत. त्यांनी गुळासकट पातेली पारड्यात ठेवली, दुसरीकडे वजनं टाकली आणि विचारलं, “गूळ किती भरला?”

कुणीतरी आकडा सांगितला.

“आन पातेलं फुकट हाय व्हय?”

मग त्यांनी गूळ काढून ठेवला. रिकामी पातेली एका पारड्यात, समोरच्या पारड्यात खिशातले दोन दगड, वर थोडी वाळू, आणि काटा बरोबर मधे आणला. “ह्याला म्हनायचं धडा. भांड्याचं वजन आधी मारून टाकायचं, मग माल वतायचा. माझा बाप सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार हुता. धडा केल्याबिगर त्यानं कधी चिमूटभर जिन्नस तोलला न्हाई. तुमी इंजिनेर हुनार, तुमी बिनधड्याचं मोजनार. म्हनून पहिला धडा हाच, आधी धडा करा.”

धडा या शब्दाचे दोन अर्थ एकाच वाक्यात वापरल्याचा त्यांना केवढा आनंद व्हायचा. दर वर्षी नव्या वर्गात तोच विनोद, आणि दर वर्षी हसणारे ते एकटेच.

विषय काय होता तेही सांगते. संगणकाच्या पोटात कर्नल नावाची एक व्यवस्था असते. कुणाला कधी काम करू द्यायचं ते ती ठरवते. कुठे उशीर होतोय हे शोधायचं असेल तर कर्नलच्या वाटेवर जागोजागी पहारे बसवायचे आणि जाणाऱ्या प्रत्येकाची वेळ टिपायची, याला ट्रेसिंग म्हणतात. आता ही वेळ टिपायलाही वेळ लागतो. अगदी थोडा, पण क्षणात हजारो वेळा. आणि हा सगळा वेळ जाणाऱ्याच्याच माथी मारला जातो. आपण म्हणतो बघा, किती हळू चालतोय. सरांनी आयुष्यभर हीच एक गोष्ट शिकवली. बघण्याला वेळ लागतो, तो आधी वजा करा.

त्यांची एक खोड होती. तोंडी परीक्षेला ते खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसत. विद्यार्थी बोलत असताना त्याच्याकडे बघत नसत. नवीन आलेल्या मॅडमना तो अपमान वाटायचा. मला त्याचा अर्थ तिसऱ्या वर्षी कळला.

मी तेव्हा बोलताना अडखळायचे. घरी नाही, मैत्रिणींत नाही. समोर कुणी रोखून बघायला लागलं की पहिलं अक्षर घशातच बसायचं. त्या वर्षी बाहेरून आलेले परीक्षक मला प्रश्न विचारून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी ‘प्र’ वर अडकले. प्र, प्र, प्र. ते घड्याळाकडे बघायला लागले तसं तेही येईना. सर उठले आणि परीक्षकांना म्हणाले, “साहेब, चला, च्या घेऊन येऊ. आमच्या कॅन्टीनची भजी चुकवू नका.” जाताना खडू माझ्या हातात दिला. “लिव. कुनी बघत न्हाई.”

ते दोघं परत आले तेव्हा फळा भरला होता आणि मी खाली, भिंतीवर लिहायला सुरुवात केली होती. परीक्षकांनी गुण दिले. सरांनी फक्त भिंत पुसायला लावली.

पहिली नोकरी मला कुपवाडच्या एमआयडीसीत लागली. छोटं वर्कशॉप, बेदाणे निवडायच्या यंत्रांचं. पट्ट्यावरून तासगावचे बेदाणे पळतात, कॅमेरा खराब दाणा हेरतो, पुढे हवेचा फुत्कार बसतो आणि तो दाणा बाजूच्या टोपलीत उडतो. सगळा खेळ वेळेचा. कर्नलने निरोप द्यायला जरा उशीर केला की खराब दाणा पुढे निघून जायचा आणि मागचा चांगला उडायचा. आमच्या यंत्रात हे अधूनमधून होत होतं. मी उत्साहाने सगळीकडे ट्रेसिंग लावलं, आठवडाभर आकडे गोळा केले आणि जाडजूड अहवाल मालकांना दिला. दोष कर्नलचा, सगळंच बदलायला हवं. मालकांचा चेहरा उतरला. एवढ्यावर ते वर्कशॉप बंद पडलं असतं.

मी सरांना फोन केला. रविवारी ते स्कूटरवरून आले, नाकारलेल्या टोपलीतले बेदाणे खात खात अहवाल चाळला आणि म्हणाले, “ह्यात बेदाना किती आन पातेलं किती?”

मी अहवालाची पानं उलटायला लागले.

त्यांनी यंत्र चालू करायला सांगितलं. माझं ट्रेसिंग चालू ठेवून एक टोपली भरली, बंद करून दुसरी भरली. मग जमिनीवर मांडी घालून दोन्ही टोपल्यांतले चांगले दाणे वेगळे काढत बसले, मलाही बसवलं. ट्रेसिंग चालू असतानाच्या टोपलीत चांगल्या दाण्यांचा ढीग होता, दुसऱ्या टोपलीत मूठभर. मी आठवडाभर जो उशीर मोजला होता त्यातला बराचसा मीच केलेला होता.

“मग तेवढा वजा करू या का?” मी विचारलं.

“तेवढा म्हंजी केवढा? यार्डातलं पातेलं बरं, एकदा धडा केला की झालं. ही भांडी लय वंगाळ. गूळ वतला की भांडंबी जड हुतं. काम वाढलं की पहारं वाढत्यात, पहारं वाढलं की उशीर वाढतो. दमलेल्याला बघनं जास्त जड जातं, उंब्रज. म्हनून बघायचं थोडं. लय थोडं. दोनच जागी.”

दोनच जागी खुणा ठेवल्या, एक निरोप निघतो तिथे आणि एक हवा सुटते तिथे. दुपारपर्यंत खरा चोर सापडला. कुणीतरी मागे कधी तपासणीसाठी एक ओळ घातली होती, दर निरोपाला एक नोंद छापणारी. ती नोंद छापून होईपर्यंत कर्नल अडून बसायचा. ती ओळ माझीच होती, घालून विसरलेली. मालकांनी काय होतं म्हणून विचारलं, तर सर हात झटकत उठले. “एक ओळ जास्त हुती, काढली.” कुणाची ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. जाताना ओंजळभर बेदाणे रुमालात बांधून नेले, शमीमभाभींना.

भाभी, सरांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. अक्षर छापल्यासारखं. मिरजेतल्या त्यांच्या घराला पुढे छोटा कट्टा, मग लोखंडी गेट, आणि शेजारी चाँदभाईंचं तानपुऱ्यांचं काम. सुकलेले भोपळे भिंतीला लावून ठेवलेले असायचे. सर निवृत्त झाल्यावर रोज सकाळी स्टेशनजवळच्या टपरीवर चालत जायचे. पॅसेंजर सुटताना बघायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. एवढी वर्षं जिच्यात बसलो ती आपल्याला सोडून जाताना कशी दिसते ते बघतो, म्हणायचे.

एके दिवशी ते नुसते बघत राहिले नाहीत, गाडीत बसले. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. कऱ्हाडला उतरून कॉलेजात गेले आणि आपला वर्ग शोधत राहिले. तिथल्या शिपायाने भाभींना फोन केला. भाभींनी मला. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत हेच काम करत होते, कर्नलचे उशीर मोजायचं. त्यात माझं नाव होतं. तेही इथे सांगायला हवं.

मिरजेतल्या डॉक्टरांनी आठवण जाण्याचा आजार आहे म्हणून सांगितलं. औषधं लिहून दिली आणि उठता उठता म्हणाले, उत्तर द्यायला लागणारा वेळ वाढतोय का, लक्ष ठेवा. डॉक्टर सहज बोलून गेले. मी ते सहज घेतलं नाही. माझ्या हाताला काम मिळालं होतं. सरांसाठी काहीतरी करतेय असं वाटायला मला तेवढं पुरे होतं.

दर दुसऱ्या शनिवारी मी मिरजेला जायला लागले. एक वही केली, ती भाभींकडेच ठेवायचे. सात प्रश्न, प्रत्येकापुढे उत्तर आणि वेळ असे रकाने. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात गेले किती, असले सहा प्रश्न डॉक्टरांच्या कागदावरचे. सातवा माझा होता. मी कोण?

सरांसमोर खुर्ची टाकून बसायचे, मोबाईलवर वेळ लावायचे आणि विचारायचे. ते खिडकीकडे बघायला लागले की मी म्हणायचे, “सर, इकडे बघा ना, माझ्याकडे.” हे मीच म्हणायचे, जिच्यासाठी त्यांनी एका परीक्षकाला भजी खायला नेलं होतं.

सातव्या प्रश्नाला ते नुसते हसत. कसनुसं, पाहुण्याकडे बघून हसावं तसं. मी वाट बघायचे, आकडे पळायचे. कधी म्हणत, “आपली पोरगीच की.” कधी काहीच नाही. उंब्रज एकदाही नाही. मिरजेहून परतताना हायवेवर माझ्या गावाची पाटी दिसली की मी मान वळवून घ्यायचे.

चार महिन्यांनी मी आलेख काढला. रेघ चढत होती. मी भाभींना नीट समजावून सांगितलं, हे बघा, वेळ असा वाढतोय, आता त्यांना एकटं सोडणं बरं नाही. भाभींनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी सरांची विद्यार्थिनी, त्यातून या कामातली. दुसऱ्या दिवशी गेटला कुलूप लागलं आणि टपरीवरचा चहा बंद झाला. पहिले काही दिवस सर सकाळी गेटपाशी जाऊन कुलूप हातात धरून उभे राहायचे, असं भाभी सांगायच्या. मग तेही बंद झालं.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी चौथा प्रश्न विचारला आणि सर माझ्याकडे न बघता, अगदी हळू, पण स्वच्छ म्हणाले, “धडा केलास का?”

मला वाटलं, भरकटले. मी म्हणाले, “हो सर, केला. आता सांगा, शंभरातून सात गेले?” आणि वहीत त्या उत्तरापुढे लिहिलं, असंबद्ध.

त्या दिवशी ते पुढे एक शब्द बोलले नाहीत. मी तेही लिहून घेतलं.

उमगलं ते परतीच्या वाटेवर, टोलनाक्याच्या रांगेत. पुढची गाडी सरकली तरी मी थांबूनच होते, मागून हॉर्न वाजत होते. इतके महिने मी काय मोजत होते? त्या माणसाला रोखून बघायचं, पुढ्यात घड्याळ धरायचं, नापास होण्याची भीती घालायची, आणि त्या सगळ्याने तो जितका अडखळेल तितका आजार म्हणून लिहायचा. दमलेल्याला बघणं जास्त जड जातं. हे मला सांगणारा माणूस समोर बसला होता. त्याने पुन्हा एकदा सांगितलं, आणि मी त्याला असंबद्ध म्हणाले. आजार नव्हता असं मी म्हणत नाही. आजार होताच. पण किती आजार आणि किती मी, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. धडा केलाच नव्हता.

मी गाडी बाजूला घेऊन भाभींना फोन केला. कुलूप काढा म्हणाले, वही ठेवून द्या म्हणाले. त्या घाबरल्या. “अगं, पन तूच म्हणलीस की.” माझं चुकलं, एवढंच मला सांगता आलं.

पुढच्या खेपेला मी मधल्याच वारी निघाले, कुणाला न कळवता. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, सरांना आवडायचे. ठरवून गेले होते, काही विचारायचं नाही. नुसतं शेजारी बसायचं, खिडकीकडे तोंड करून. आणि माफी मागायची, जमलं तर.

गेट उघडं होतं. सर कट्ट्यावर बसले होते, शेजारी चाँदभाई माझ्याकडे पाठ करून एका तानपुऱ्याच्या तारा लावत होते. सरांच्या हातात दोऱ्याचं रीळ. सूर खुलावा म्हणून तारेखाली सारायला चाँदभाईंनी दोऱ्याचा तुकडा मागितला की सर तोडून देत. चेहरा मोकळा होता. कितीतरी महिन्यांनी मी तो तसा बघत होते.

“मास्तर, तुमच्या वडलांचा काटा यार्डात कुठल्या अंगाला हुता वो?” चाँदभाईंनी मान वर न करता विचारलं.

“हळदीच्या सौद्याकडं जाताना डाव्या हाताला. लिंबाखाली. सावली हुती म्हनून गिऱ्हाईक आमच्याकडंच यायचं, बापाला वाटायचं हातगुणानं येतंय.” आणि सर हसले.

एक सेकंदसुद्धा लागला नव्हता. तो सेकंद मी मनात मोजला हे माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःची किळस आली.

मी गेटबाहेर उभी होते. सरांनी मान वर केली. नजर माझ्यापर्यंत आली असं वाटलं, मग त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि दोरा तोडायला लागले. मला वाटलं, ओळखलं नाही. दुसरं असंही वाटलं, की मी आत पाऊल टाकलं की परीक्षा आली असं त्यांना वाटेल. हा चेहरा मिटेल, ते पाहुण्यासारखं हसू येईल, बोलणं थांबेल. आजच्या दिवस त्यांना असं असू दे. पुढच्या शनिवारी येऊ. मी माघारी वळले. पेढ्यांचा पुडा गाडीतच राहिला.

पुढचा शनिवार आलाच नाही. गुरुवारी सकाळी चाँदभाईंचा फोन आला, झोपेतच गेले म्हणून.

पंधरा दिवसांनी मी भाभींकडे गेले. खोलीत सरांचा शर्ट खुंटीला तसाच होता, खिशाला पेन अडकवलेलं. भाभींनी कपाटातून माझी वही काढली. “ही तुझी. मी ठेवून दिलती तू सांगितल्यावर. पन एक दिवस लिवलं त्यात, डॉक्टरांना दाखवायला. ऱ्हावलं न्हाई.”

शेवटच्या पानावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं. ‘चाँदभाई गेल्यावर आत आले. उंब्रज दारातून परत का गेली, असे विचारले. कोणी आले नव्हते. पुन्हा विचारले. भास.’ वेळेचा रकाना मोकळा होता. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

“भाभी, मी आले होते,” मी म्हणाले.

भाभी खाली बसल्या. “मी त्यांना म्हणलं, तुमाला दिसतंय कायबी. मग ते गप बसले.” त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. उठून खुंटीवरच्या शर्टाचं पेन काढलं आणि शेवटच्या शब्दावर रेघ मारली. शाई उतरली नाही. ते न चालणारं पेन होतं. त्यांनी पुन्हा मारली, दाबून, तिसऱ्यांदा मारली.

वही आता माझ्याकडे आहे. ‘भास’ हा शब्द अजून स्वच्छ वाचता येतो. वरून बोट फिरवलं तर खाली पडलेला चर तेवढा लागतो.